उडत्या बेडकाचा प्रयोग टेबलावर: ग्राफाइट तरंगत का नाही?

धूमकेतू_७६

नमस्कार मंडळी,

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे १९९७ साली आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी चुंबकाच्या पोकळीत जिवंत बेडूक अधांतरी ठेवला होता, तो प्रकार इथे बहुतेकांना ठाऊक असेल. त्याबद्दल गाइम आणि मायकेल बेरी यांना २००० सालचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं. आठवी-नववीच्या मुलांसाठी 'विज्ञानकथेतलं तरंगणं आणि खरं तरंगणं' असं एक तासाचं सत्र बसवायचं आहे. सुरुवात एच. जी. वेल्स यांच्या १९०१ च्या चांद्रकथेतल्या केव्होराइटपासून, म्हणजे गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या त्या काल्पनिक द्रव्यापासून. शेवट टेबलावर, विजेशिवाय तरंगणाऱ्या ग्राफाइटच्या तुकड्याने. हा शेवटच जमत नाहीये.

सध्याची मांडणी अशी. निओडिमियमचे १० मिमीचे चार घन, एन-४२ दर्जाचे (आकडा जितका मोठा तितका चुंबक जोरदार). २ × २ चौकोनात, चौघांचेही उत्तर ध्रुव वर. ते एकमेकांना ढकलत होते म्हणून फेव्हिक्विकने लाकडी पट्टीवर चिकटवले आहेत. ग्राफाइटचा तुकडा २० × २० मिमी, जाडी २ मिमी. विक्रेत्याच्या पानावर 'अतिशुद्ध ग्राफाइट' असं लिहिलं होतं. वर ठेवला की सरळ बसतो. ना उचलला जातो, ना सरकतो. कुठे चुकतंय? आणि याआधी मुलांना काही सोपं दाखवता येईल का?

---

चुंबकवेडा

धूमकेतू, तीन चुका आहेत आणि तिन्ही नेहमीच्याच आहेत. त्यातली एक जरी राहिली तरी तुकडा उठणार नाही.

आधी मांडणी. चौघांचे उत्तर ध्रुव वर असले की मधोमध क्षेत्र सर्वात जोरदार होतं. ग्राफाइट प्रतिचुंबकीय, म्हणजे जोरदार क्षेत्रापासून पळणारं. त्यामुळे ते उचललं गेलं तरी मधोमध न थांबता बाजूला घसरेल. तुम्हाला हवा आहे बुद्धिबळाचा पट: उत्तर-दक्षिण, खालच्या ओळीत दक्षिण-उत्तर. शेजारचे चुंबक उलट ध्रुवांचे असले की ते स्वतःहून एकमेकांना चिकटतात. या प्रयोगात डिंक लागला की समजायचं, मांडणी चुकली.

फेव्हिक्विक सोडवायला अ‍ॅसिटोन वापरा (नेलपॉलिश काढायचं चालेल, बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलंय ना ते बघा). कापसाने कडांना लावून तासभर ठेवा. हेअर ड्रायर किंवा गॅस अजिबात नको. साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे अशक्त होऊ लागतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर निकेलचा मुलामा उडतो आणि पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

ध्रुव ओळखायला एका चुंबकाच्या एका तोंडावर मार्करने ठिपका द्या. बाकीचे तीन एकेक करून त्या ठिपक्यावर चिकटवून बघा आणि जे तोंड चिकटतं त्याच्या पाठीमागच्या तोंडावर ठिपका द्या; चारही ठिपके एकाच जातीचे होतील. मग दोन ठिपके वर, दोन खाली, तिरके समोरासमोर. जुळवताना चुंबक वरून सोडायचे नाहीत, टेबलावर सपाट सरकवत आणायचे. १० मिमीचे घन बोटाची कातडी चिमटतात आणि आपटले तर टवके उडतात. काचेसारखे ठिसूळ असतात. खाली साध्या मऊ लोखंडाची ३ मिमी जाडीची पट्टी घातलीत तर चौकडी जागेवर बसते आणि क्षेत्रही थोडं वाढतं. स्टेनलेस स्टीलची ताटली बहुतेकदा चिकटतच नाही, ती नको.

दुसरी चूक, ग्राफाइटचा प्रकार. 'अतिशुद्ध' म्हणजे पायरोलिटिक नव्हे. मोटरच्या कार्बन ब्रशचं, मुशीचं, इलेक्ट्रोडचं ग्राफाइट म्हणजे भुकटी दाबून भाजलेली असते. त्यातले कण हवे तसे विखुरलेले असतात. पायरोलिटिक ग्राफाइट हायड्रोकार्बन वायू उच्च तापमानाला तोडून थरावर थर बसवत वाढवतात. त्याचे थर जवळपास समांतर असतात, आणि थरांना लंब असलेल्या क्षेत्राला त्याचा विरोध कित्येक पट जास्त असतो. ओळखायची रीत सोपी: कडेला नवं ब्लेड लावून दाबा. अभ्रकासारखा पापुद्रा सुटला तर पायरोलिटिक, भुकटी सांडली तर नाही. तुमचा तुकडा बहुधा भुकटी सांडेल.

तिसरी चूक जाडी. चुंबकाच्या पृष्ठभागापासून वर जाताना क्षेत्र झपाट्याने पडतं. २ मिमी तुकड्याचा वरचा भाग उचलायला काही मदत करत नाही, नुसतं वजन घालतो. ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. आणि १० मिमीच्या घनांवर तुकडा १२ × १२ मिमीचा पुरे. फार लहान केलात, समजा ५ मिमी, तर तो बरोबर मधोमध येईल जिथे उभं क्षेत्र शून्याजवळ असतं, आणि खाली टेकेल.

---

आळशी इलेक्ट्रॉन

वरच्या प्रतिसादाला थोडं गणित जोडतो. मुलांपैकी कुणीतरी 'बेडकाला एवढा मोठा चुंबक का लागला?' असं विचारणारच.

उचलणारं बळ नुसत्या क्षेत्रावर ठरत नाही. क्षेत्र गुणिले त्या क्षेत्राचा उतार (म्हणजे अंतरागणिक ते किती झपाट्याने बदलतं), हा गुणाकार महत्त्वाचा. पाणी तरंगवायला तो सुमारे १३६० टेस्ला²/मीटर लागतो (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). बेडूक म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे त्यालाही साधारण तेवढाच. पायरोलिटिक ग्राफाइट घनतेने पाण्याच्या दुपटीहून जरा जास्त आहे, पण त्याची प्रतिचुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे क्षेत्राला विरोध करायची क्षमता, पाण्याच्या सुमारे पन्नास पट. हिशेब केला तर ६० टेस्ला²/मीटरच्या आसपास भागतं. चांगल्या निओडिमियम चुंबकाच्या पृष्ठभागालगत अर्धा टेस्ला मिळतो आणि काही मिलिमीटरमध्ये तो ओसरतो, म्हणजे आपण अगदी काठावर उभे आहोत. म्हणून उंची मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी मिळते. त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

याच हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, जुन्या स्पीकरचे फेराइट चुंबक निरुपयोगी. क्षेत्र तिसऱ्या हिश्श्यावर आलं की त्याच आकाराला गुणाकार नवव्या हिश्श्यावर येतो. दोन, मोठा चुंबक घेऊन फायदा होईलच असं नाही. २० मिमीच्या घनाच्या पृष्ठभागावर क्षेत्र तेवढंच, पण उतार निम्मा. लोक पैसे खर्चून नेमके मोठे घन आणतात! ५ ते १२ मिमीच्या घनांवर समाधान माना, पैसे घालायचेच तर एन-५२ दर्जावर घाला.

नायमेखनला पोकळी ३२ मिमी व्यासाची होती आणि क्षेत्र १६ टेस्लाच्या आसपास. चुंबक बिटर पद्धतीचा, म्हणजे तांब्याच्या भोकं पाडलेल्या चकत्यांमधून प्रचंड वीज आणि भोकांतून थंड पाणी. वीज मेगावॅटमध्ये लागते. बेडूक पोकळीच्या बरोबर मध्यात तरंगत नाही, जरा वर, जिथे क्षेत्र अजून जोरदार आहे पण घटू लागलेलं आहे अशा छोट्याशा पट्ट्यात तरंगतो. हेझलनट आणि स्ट्रॉबेरीही त्यांनी तरंगवली. बेडकाला काही इजा झाली नाही.

आणि हो, ते पहिलेच होते असं मुलांना सांगू नका. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बोन्यों आणि तूर्निए यांनी १९९१ सालीच पाणी आणि काही सेंद्रिय पदार्थ तरंगवले होते. गाजला तो बेडूक.

---

काचपेटी

तुम्ही 'याआधी काही सोपं' विचारलंत त्याबद्दल. द्राक्षं. नाशिकची हंगामी मिळाली तर उत्तम, नाहीतर छोटे चेरी टोमॅटो.

खराट्याची २० सेंमी लांब हिराची काडी घ्या. दोन्ही टोकांना एकेक द्राक्ष टोचा, सारख्या वजनाचं. काडीच्या मध्याला बारीक दोरा बांधून अर्ध्या मीटर उंचीवरून टांगा. प्लास्टिकची स्ट्रॉ वापरू नका. ती हात लागून विद्युतभारित होते आणि मग चुंबक काय, नुसतं बोट जवळ नेलं तरी खेचली जाते. दोऱ्याला पीळ असतो, तो सुटेपर्यंत काडी गोल फिरत राहते. दहा मिनिटं तशीच सोडून द्या. पंखा बंद. जमलं तर सगळं माशांच्या रिकाम्या काचपेटीत टांगा, कारण श्वासाची झुळूकही पुरते.

मग चुंबकाचं एक टोक द्राक्षापासून २-३ मिमीवर न्या, टेकवू नका, आणि हात स्थिर धरा. काही सेकंदांत द्राक्ष सावकाश मागे सरकू लागतं. आता चुंबक उलटा करून दुसरा ध्रुव न्या. तरीही मागेच सरकतं. प्रयोगाचा जीव या दुसऱ्या पायरीत आहे. लोहचुंबकीय वस्तू दोन्ही ध्रुवांकडे ओढली जाते. प्रतिचुंबकीय वस्तू दोन्हींपासून दूर जाते. एकच ध्रुव दाखवून थांबलात तर मुलं 'द्राक्षात पण चुंबक आहे' असं समजून घरी जातील.

आणखी एक. पसरट काळ्या ताटलीत चुंबक ठेवून वर जेमतेम एक मिमी पाणी घाला आणि पाण्यात पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरक्या नजरेने पाहा. चुंबकाच्या कडांपाशी प्रतिबिंबाची रेघ वाकडी होते. तिथे पाण्याला खळगा पडलेला असतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी खोल. डोळ्याला खळगा दिसत नाही, प्रतिबिंब मात्र चुगली करतं. पाणी जास्त घातलं की काही दिसत नाही.

---

धूमकेतू_७६

द्राक्षाचा प्रयोग पहिल्या झटक्यात जमला, धन्यवाद काचपेटी! चुंबक पटासारखे लावले, डिंकाशिवाय बसले. ब्लेडची परीक्षा घेतली: भुकटी सांडली. आता पायरोलिटिकचा १२ × १२ मिमी, १ मिमी जाडीचा तुकडा आणला आहे. तो मधोमध येतो, पण एक कोपरा टेकलेलाच राहतो. तुकडा चुंबकांच्या कडांना समांतर न राहता तिरका वळतो, तेही चूक आहे का?

---

चुंबकवेडा

तिरका वळतो ते अगदी बरोबर. चौकडीतले दोन सांधे म्हणजे अधिकचं चिन्ह. ग्राफाइटला त्रास होतो थरांना लंब, म्हणजे उभ्या क्षेत्राचा, आणि ते प्रत्येक चुंबकाच्या मध्यावर सर्वाधिक, सांध्यांवर शून्याजवळ. म्हणून चौकोनाचे चार कोपरे सांध्यांवर जाऊन बसतात, ४५ अंशात. तसं वळत असेल तर मांडणी पक्की झाली समजा.

कोपरा टेकतो त्याची कारणं, शक्यतेच्या क्रमाने.

जाडी अजून दुप्पट आहे. कडेला नवं कटर ब्लेड थरांना समांतर लावा, हलकेच दाबत डोलवा. तुकडा दोन पानांत उघडेल. एकसारखी जाडी मिळत नाही, मिळणारही नाही. मग काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, दोन थेंब पाणी टाकून, तुकडा बोटाने गोल गोल घासा. दर थोड्या वेळाने चार कोपऱ्यांची जाडी व्हर्नियरने बघा. व्हर्नियर नसेल तर सोनाराच्या काट्यावर वजन करा: १२ × १२ × ०.५ मिमी तुकडा सुमारे ०.१६ ग्रॅम भरला पाहिजे. ०.२ च्या वर असेल तर अजून घासा. कोरडं घासू नका. ती धूळ नाकात जाते आणि ती वीजवाहक असल्यामुळे लॅपटॉपजवळ उडाली तर नवीन दुखणं.

शेवटचा पातळ थर काढायला सेलोटेप लावून झटकन ओढा. हीच सेलोटेपची युक्ती पुढे गाइम आणि नोवोसेलोव यांनी ग्राफाइटवर टोकापर्यंत नेली, एका अणूच्या जाडीपर्यंत. ग्राफीन त्यातून आलं आणि २०१० सालचं नोबेलही. इग नोबेल आणि नोबेल दोन्ही स्वतःच्या नावावर असलेला गाइम हा पहिलाच माणूस. मुलांना हे त्या क्षणी सांगा, हातात सेलोटेप असताना.

दुसरं कारण लोखंडाचा कचरा. ब्लेडचे किंवा कानशीचे कण ग्राफाइटला चिकटले की तो कोपरा चुंबकाकडे ओढला जातो. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चुंबकांवर बसलेला लोहकीस मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपा, कापडाने निघत नाही.

तिसरं, टेबल तिरकं. मोबाइलमधल्या पातळीमापकाने बघा, पण मोबाइल चुंबकापासून वीतभर लांब ठेवून. त्याच्या होकायंत्राचं डोकं फिरतं. चौथं, एखादा चुंबक शेजाऱ्यापेक्षा केसभर वर असतो. काचेच्या तुकड्याने चौघांना वरून दाबून एका पातळीत आणा.

उंची मोजायला साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या वापरा. एक कागद सुमारे ०.१ मिमी. न अडकता पाच पट्ट्या एकावर एक सरकल्या तर अर्धा मिमी. मुलांना हे मोजायला द्या, त्यांच्या हातून जास्त पट्ट्या जातात.

---

रिकामा अवकाश

थोडं विषयांतर, पण सत्राला उपयोगी पडेल.

२०२३ च्या जुलैत कोरियातून 'एलके-९९' नावाच्या पदार्थाचा दावा आला होता: सामान्य तापमानाला, सामान्य दाबाला अतिवाहक, म्हणजे वीज अजिबात रोध न करता वाहू देणारा. पुराव्यादाखल जो व्हिडिओ फिरला त्यात तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेली आणि बाकीचा भाग उचललेला होता. धूमकेतूंच्या दुसऱ्या प्रश्नातलं चित्र अगदी तसंच! महिन्याभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी पदार्थ बनवून पाहिला, त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही होती. अतिवाहकता कुणालाच सापडली नाही. अर्धवट उचललं जाणं साध्या लोहचुंबकत्वाने आणि प्रतिचुंबकत्वाने समजावता येत होतं. रोधात दिसणारी अचानक घसरण कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती, ज्याची स्फटिकरचना १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. मुलांना आधी टेकलेला कोपरा दाखवा, 'हा अतिवाहक आहे का?' विचारा आणि मग सेलोटेप लावून तो साफ करा.

केव्होराइटबद्दल: वेल्स यांच्या कथेत त्या पत्र्याच्या वरची हवा वजनहीन होऊन वर उसळते आणि वादळ होतं, ती कल्पना मला आजही भारी वाटते. पण असा पत्रा असता तर चाकाच्या अर्ध्या भागाखाली तो धरायचा: एक बाजू हलकी, एक जड, चाक फुकटात कायम फिरत राहील. ऊर्जा अक्षय्यतेला हे मंजूर नाही. बेडकाच्या बाबतीत गुरुत्व अडवलेलं नसतंच. ते शंभर टक्के लागू असतं आणि जवळजवळ प्रत्येक रेणूला तेवढंच बळ वर ढकलत असतं. दोन्हींतला हा फरक फळ्यावर लिहा.

आणि श्रोते मराठी असतील तर नुसत्या वेल्स यांच्यावर थांबू नका. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली होती. आद्याक्षरं उलटी वाचा: जयंत विष्णु नारळीकर. मुलांना हे कोडं म्हणून घाला, गुरुत्वाकर्षणाचा विषय तिथून आपोआप सुरू होतो.

---

आळशी इलेक्ट्रॉन

ते कोडं चांगलं आहे. 'माणूस तरंगेल का?' हा प्रश्नही येणार, त्याची तयारी ठेवा. तत्त्वतः अडचण नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत २००९ मध्ये छोटा उंदीरही तरंगवला गेला. अडतं ते पोकळीच्या रुंदीवर. अमेरिकेत टॅलाहासीला ४५ टेस्लाचा चुंबक आहे, पण त्याची पोकळीही ३२ मिमी. तिथे माणसाचा अंगठा जाईल. इस्पितळातल्या ३ टेस्लाच्या एमआरआयमध्ये माणूस मावतो, पण क्षेत्र आणि उताराचा गुणाकार १३६० च्या जवळपासही जात नाही.

सत्राला वेळ उरला तर एक भर. २०१२ साली जपानच्या संशोधकांनी तरंगणाऱ्या ग्राफाइटच्या चकतीच्या एका कडेवर लेसर टाकून ती हव्या त्या दिशेला हलवून दाखवली. तापलेल्या भागाचं प्रतिचुंबकत्व कमी होतं, ती बाजू खाली झुकते आणि चकती तिकडे घसरते. वर्गात हे करू नका. त्याला लागणारा लेसर डोळ्यांना घातक आहे, आणि चकाकतं ग्राफाइट व निकेलचा मुलामा दोन्ही आरशासारखे परावर्तन करतात. त्याऐवजी कागदाच्या नळीतून कडेवर हलकी फुंकर मारा. तुकडा हलून लगेच शांत होतो, दोलकासारखा डोलत बसत नाही, कारण हलताना त्यात प्रेरित होणारे भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) गतीला ब्रेक लावतात.

---

काचपेटी

हार्ड डिस्कचे चुंबक फुकट मिळतात म्हणून कुणी सुचवेल, त्यांच्यासाठी: त्याच्या तोंडावर एकच सांधा असतो, अर्धं उत्तर, अर्धं दक्षिण. ग्राफाइट त्या सांध्यावर तरंगतं पण सांध्याच्या रेषेने घसरून बाहेर पडतं. पट लागतोच.

पायरोलिटिक ग्राफाइट मिळालंच नाही तर पेन्सिलीचं शिसं. व्यासाच्या दिशेने चुंबकीय केलेले दोन दंडगोल चुंबक घ्या, साधारण ६ मिमी व्यास आणि २५ मिमी लांब. जोडीने ठेवले की ते समांतर चिकटतात. त्यांच्या मधल्या खाचेवर मेकॅनिकल पेन्सिलीचा ०.३ किंवा ०.५ मिमीचा, १० मिमी लांब तुकडा चिमट्याने ठेवा. चिमटा प्लास्टिकचा किंवा बांबूचा. खाचेच्या दोन्ही टोकांना क्षेत्र किंचित वाढतं, त्यामुळे शिसं बाहेर न पडता मधोमध पुढे-मागे डोलतं. आयबीएमच्या संशोधकांनी ही मांडणी मोजमापासाठी वापरली आहे. खरेदी करताना 'व्यासाच्या दिशेने' हे नक्की विचारा. टोकापासून टोकापर्यंत चुंबकीय केलेले दंडगोल दिसायला हुबेहूब असतात आणि त्यांवर काहीही तरंगत नाही. शिशाच्या सगळ्या कंपन्यांचं मिश्रण सारखं नसतं, दोन-तीन आणून बघा.

---

धूमकेतू_७६

जमलं. जाडी ०.४५ मिमी, वजन ०.१४ ग्रॅम, पट्ट्या सहा सरकल्या. टेकणारा कोपरा लोखंडाच्या कणामुळेच होता, सेलोटेपवर चमकताना दिसला. शेवटचा प्रश्न: मागच्या बाकावरून अर्धा मिमी कसं दिसणार? आणि वस्तू तिथपर्यंत न्यायच्या कशा?

---

चुंबकवेडा

तुकड्याच्या पातळीवर मोबाइल आडवा लावा, वीतभर लांब, आणि पलीकडे टॉर्च ठेवून त्यावर पांढरा कागद धरा. फटीतून येणारा उजेड पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. समोरून प्रकाश टाकलात तर काळ्या ग्राफाइटवर काही कळणार नाही.

नेताना चुंबकांची चौकडी सुटी करू नका. वर ३ मिमीची लोखंडी पट्टी, खालची आहेच, आणि सगळं लाकडी डबीत. दोन पट्ट्यांमध्ये क्षेत्र कोंडलं जातं आणि पिशवीतल्या किल्ल्या येऊन आदळत नाहीत. ग्राफाइट वेगळ्या काडेपेटीत, कापसात. वर्गात पेसमेकरवाले कुणी शिक्षक आहेत का ते आधी विचारा. सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे सापडतात आणि थेट शस्त्रक्रिया करावी लागते. सत्र संपल्यावर चार मोजून परत डबीत.